गुहेतला पाणबुडा आणि डोंगरातले पाणी

सायखेड्याच्या मुलांना पुराबद्दल फारसे शिकवावे लागत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, नाशकात दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढले, होळकर पुलाखालून गेलेले पाणी आपल्या पुलाला लागायला किती वेळ, पाणवेली पुलाला अडकल्या का, नांदूरमध्यमेश्वरातून पुढे किती गेले, ही चर्चा ती कळू लागल्यापासून ऐकत असतात. २०१६ आणि २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये गोदावरी सायखेडा आणि समोरच्या चांदोरीच्या वस्तीत शिरली, ते यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. अशा मुलांबरोबर बसून आम्ही 'द रेस्क्यू' हा माहितीपट पाहिला. २०१८ साली थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या बारा मुलांच्या आणि त्यांच्या प्रशिक्षकाच्या सुटकेवर एलिझाबेथ चाय वासारहेली आणि जिमी चिन यांनी तो २०२१ मध्ये केला. चित्रपट संपल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलीने विचारले, "सर, पण डोंगराच्या आत एवढं पाणी आलं कुठून? वर कोणी सोडत होतं का?"

पावणेदोन तासांच्या चित्रपटावरची इतकी नेमकी टीका आम्हाला सुचली नसती. हा चित्रपट शाळांतून दाखवला जावा असे आमचे मत आहे, परंतु तो दाखवताना शिक्षकाला त्यात काय भरावे लागेल, हे या प्रश्नाने दाखवून दिले.

प्रथम त्याचे गुण. २३ जून २०१८ रोजी, सरावानंतर, अकरा ते सोळा वर्षांची ही मुले गुहेत गेली. बाहेर पाऊस सुरू झाला आणि परतीची वाट पाण्याने बंद झाली. थाई नौदलाचे पाणबुडे आले. ते तयारीचे होते, धाडसी होते, तरी पुढे सरकता येईना. याचे कारण चित्रपटाने फार चांगले उलगडले आहे. समुद्रात बुडी मारणाऱ्याला अडचण आली तर तो वर येतो. गुहेत वर छत असते. पाणी गढूळ, हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही, आणि प्रवाह उलटा. तेथे उपयोगी पडतो तो वेगळाच अनुभव, आणि तो होता रिक स्टँटन आणि जॉन व्होलॅन्थन या दोघा इंग्रजांकडे. एक निवृत्त अग्निशामक, दुसरा संगणक क्षेत्रातला सल्लागार. दोघेही सुट्टीच्या दिवशी गुहांच्या पाण्यात शिरणारे हौशी लोक. चित्रपट त्यांना वीरपुरुष न करता थोडे तिरसट, थोडे एकलकोंडे असे दाखवतो, ते आम्हाला आवडले. २ जुलै रोजी दोरी टाकत टाकत, जिथे पाण्यावर हवा सापडेल तिथे डोके वर काढत जाताना, त्यांना मुले दिसण्याआधी वास आला. ही एक गोष्ट वर्गात सांगितली तरी मुले लक्षात ठेवतात.

मुलांना भूल देऊन, बांधून, पाण्याखालून आणण्याचा निर्णय हा चित्रपटाचा गाभा आहे, आणि तेथे त्याने घाई केलेली नाही. रिचर्ड हॅरिस हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ आणि स्वतः गुहांत बुडी मारणारे. आपण दिलेल्या औषधाने मूल वाटेत मरेल असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि तरी त्यांनी ते दिले. वाटेत भूल उतरू लागली तर पुढची सुई पाणबुड्यांनीच टोचायची होती. मुले होती त्या जागेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास उतरला होता, म्हणजे थांबून राहणेही सुरक्षित नव्हते. विज्ञानात दोन वाईट पर्यायांतून निवड कशी होते याचे एवढे प्रामाणिक चित्रण आम्ही अलीकडे पाहिलेले नाही.

मग उणीव कोणती? एक तर पाण्याखालची बरीचशी दृश्ये नंतर स्टुडिओतल्या टाकीत, त्याच पाणबुड्यांना घेऊन उभी केलेली आहेत. त्यात वाईट काही नाही. गढूळ अंधारात चित्रीकरण होणारच कसे? परंतु अस्सल चित्रण कुठे संपले आणि पुनर्निर्मिती कुठे सुरू झाली हे पाहणाऱ्याला ओळखू येत नाही. आमच्या मुलांचा समज झाला की पाणबुड्यांना समोरचे दिसत होते. त्यांना मिनिटभर डोळे मिटून, हातात सुतळी देऊन वर्गातल्या बाकांमधून चालवले, तेव्हा तो समज गेला.

दुसरी उणीव मोठी आहे. चित्रपट संपल्यावर आपल्या मनात गुहा उरते ती एका लांब, काळ्या नळीसारखी. तिच्या एका टोकाला मुले, दुसऱ्या टोकाला जग. वरचा डोंगर जवळजवळ नाहीसाच होतो. प्रत्यक्षात ही गुहा म्हणजे त्या डोंगराचे गटारच. डोई नांग नॉन ही चुनखडकाची रांग आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायॉक्साइड विरघळतो, ते पाणी किंचित आम्ल होते, आणि चुनखडक त्यात हळूहळू विरघळतो. हजारो-लाखो वर्षांत फटींच्या वाटा होतात आणि वाटांची दालने होतात. वरचे ओढे मध्येच एखाद्या भोकात गडप होतात आणि खाली गुहेत उतरतात. मुलांचा जीव डोंगरावरच्या त्या भोकांशी बांधलेला होता. म्हणून तिथे दोन आघाड्या चालल्या होत्या. एक पाण्याखाली. दुसरी डोंगरावर: ओढे कोणत्या भोकात जातात ते शोधायचे, आणि ते पाणी नळांनी दुसरीकडे वळवायचे. थानेत नातिश्री या भूजलाच्या जाणकाराने आणि गावकऱ्यांनी ते काम केले. गुहेतून उपसलेले पाणी खालच्या भातशेतीत गेले. शेतकऱ्यांनी पीक बुडू दिले, आणि त्यांपैकी अनेकांनी भरपाईही घेतली नाही.

हे सगळे रॉन हॉवर्ड यांच्या २०२२ च्या 'थर्टीन लाइव्ह्ज' या कथापटात अधिक ठळकपणे येते. तिथे डोंगरावर बांबू फोडून केलेले पन्हाळे दिसतात, शेतकऱ्यांना विचारणा होताना दिसते. नटांनी केलेला चित्रपट पाण्याबाबत माहितीपटापेक्षा अधिक खरा ठरावा, ही गंमतच आहे. बाकी बाबतींत तो माहितीपटाइतका धारदार नाही. पण शिक्षकाला दोन्ही मिळाले तर दुसऱ्यातला तेवढा भाग जरूर दाखवावा.

डोंगरावरची आघाडी किती महत्त्वाची होती? ८, ९ आणि १० जुलै या तीन दिवसांत सर्वजण बाहेर आले. तोवर पाणी इतके उतरले होते की प्रवेशद्वारापासून तिसऱ्या दालनापर्यंतच्या वाटेचा मोठा भाग पायी पार करता येत होता. आणि १० तारखेला शेवटचा माणूस सुटल्यावर मुख्य पंप बंद पडला, तेव्हा आत असलेल्या मदतनिसांना चढत्या पाण्यातून धावत बाहेर यावे लागले. आधी ६ जुलैला समान गुनान हे नौदलाचे माजी पाणबुडे हवेच्या नळकांड्या आत ठेवून परतताना मृत्यू पावले होते. दोन्ही प्रसंग चित्रपटात पाणबुड्यांच्या कहाणीत बसवलेले आहेत. पाण्याची कहाणी म्हणून सांगितले असते तर पंपाचा प्रसंग शेवटची चुटपुट न राहता साऱ्या हिशोबाची कसोटी ठरला असता.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे. भारतीय दूतावासाच्या शिफारशीने किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ ५ जुलैला गुहेपाशी पोहोचले. त्यांत सांगलीकडचे प्रसाद कुलकर्णी होते, आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात चार मोठे पंप विमानाने पाठवण्यासाठी सज्ज ठेवले होते. बातम्यांचा भर आपली माणसे तिथे होती यावर राहिला. शिकण्यासारखे होते ते कुलकर्णी यांनी परतल्यावर सांगितलेल्या अडचणींत: गुहेला काटकोनी वळणे, पाऊस थांबेना म्हणून पातळी उतरेना, जनित्रावरची वीज भरवशाची नाही, म्हणून छोटे पंप वापरावे लागले. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला यातले काहीही समजावून सांगावे लागणार नाही. पंप पाणी ओढतो म्हणजे हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो दाब सुमारे दहा मीटरपेक्षा जास्त उंची देऊ शकत नाही; व्यवहारात सात-आठ मीटर. म्हणून पंप पाण्याजवळ न्यावा लागतो, आणि प्रत्येक वळणाला घर्षणात ताकद जाते. भौतिकशास्त्राचा हा धडा चित्रपटात नाही. तो विहिरीच्या काठावर आहे.

आता त्या मुलीच्या "एवढं पाणी" या शब्दांकडे वळू. गुहेतून एकूण एक अब्ज लिटरहून अधिक पाणी उपसले असा आकडा सांगितला जातो. आम्ही तो फळ्यावर सायखेड्याच्या मापात मांडला. एक अब्ज लिटर म्हणजे सुमारे ३५ दशलक्ष घनफूट. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे त्याचा साधारण एकशेसाठावा भाग. उपसा पंधरा दिवस चालला असे धरले, तर सरासरी सेकंदाला पावणेआठशे लिटर, म्हणजे अवघे २७ क्युसेक! मुलांचा विश्वास बसेना. हजारांत आकडे ऐकायची सवय असलेल्या कानांना २७ म्हणजे पाटाचे पाणी. पण नदीला पसरायला पात्र असते, वर आकाश असते. चुनखडकाच्या अरुंद वाटेत वर खडक असतो. पाटभर पाणी आले तरी वाट छतापर्यंत भरते. गुहेतला पूर लहान पाण्यानेही येतो, हे या हिशोबातून जितके कळले तितके आमच्या बोलण्यातून कळले नसते.

दुसरा प्रश्न एका मुलाचा. "आपल्या गोदावरीखालूनही अशी गुहा असेल का? अमक्या देवळातलं भुयार तमक्या गावाला निघतं म्हणतात." मराठीत 'गुहा' म्हटले की आपल्यापुढे पांडवलेणी उभी राहतात, म्हणजे माणसाने छिन्नीने कोरलेली जागा, नाहीतर वाघाची गुहा. पाण्याने केलेली गुहा आपल्या अनुभवात नाही. सायखेड्याच्या पायाखाली नदीच्या गाळाखालचा खडक काळा बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर. तो चुनखडकासारखा पाण्यात विरघळून पोकळ होत नाही. थिजणाऱ्या लाव्ह्यातून नळीसारख्या पोकळ्या राहू शकतात, आणि दख्खनमधल्या तशा खुणांबद्दल भूशास्त्रज्ञांनी लिहिले आहे. परंतु गावोगाव फुटणारी पाणवाट म्हणजे त्या नव्हेत. आपले भूजल सच्छिद्र थरांतून, सांध्यांतून, बोटभर फटींतून झिरपते. पाणबुड्याला तेथे जागाच नाही.

पण त्यामुळे मुलाचा प्रश्न खोटा ठरत नाही. दोन ठिकाणचे पाणी आतून जोडलेले आहे का, हा प्रश्न आपलाही आहे, आणि जगभरच्या गुहांत शिरणाऱ्यांचाही तोच आहे. फरक आहे तो पुराव्याचा. पाणबुड्यांचा पुरावा म्हणजे दोरी. तो आत जाताना दोरी अंथरतो, तिच्यावरच्या गाठींनी अंतर, होकायंत्राने दिशा आणि दाबाने खोली टिपतो, हवेचा एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश परतायला, एक तृतीयांश अडीअडचणीला राखतो. आणि एका गुहेतली दोरी दुसऱ्या गुहेतल्या दोरीला जाऊन मिळाली की दोन गुहांची एक होते. जानेवारी २०१८ मध्ये मेक्सिकोत रॉबर्ट श्मिटनर आणि सोबत्यांनी साक अक्तून आणि दोस ओखोस या पाण्याखालच्या गुहांची अशी जोड लावली: २६३ किलोमीटर अधिक ८४, मिळून ३४७. प्रथेप्रमाणे मोठीने छोटीचे नाव गिळले.

अशा जोडीच्या शोधावर चित्रपटही आहे. फिनलंडच्या युहा... नव्हे, युआन रेइना यांचा 'डायव्हिंग इंटू द अननोन' (२०१६). नॉर्वेतल्या प्लुरा आणि स्टाइनुग्लेफ्लोगेट या गुहांमधली वाट २०१३ मध्ये प्रथम पोहून पार झाली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये पाच फिनिश पाणबुडे त्याच वाटेने निघाले. शंभर मीटरहून खोल, गारठलेल्या पाण्यात दोघे मेले. पोलिसांनी मृतदेह काढण्यासाठी बोलावलेल्या पथकात पुढे थायलंडला गेलेले स्टँटन आणि व्होलॅन्थन होते. त्यांनी धोका जास्त आहे म्हणून काम सोडले. महिनाभराने मित्रांनी बंदी मोडून स्वतः मृतदेह वर आणले. चित्रपट दुःखाबाबत खरा आहे, पण वाट जोडल्याने त्या पाण्याबद्दल काय कळले हे तो विचारतही नाही. मुलांना हा दाखवू नये असे आम्हाला वाटते; शिक्षकांनी पाहावा.

कारण पाण्याची जोड सिद्ध करायला माणूस त्यातून जावा लागत नाही. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी इमेंडिंगेनजवळ पात्रातच जिरत असे, आणि काही मैलांवर आख नावाचा मोठा झरा फुटत असे. वरचे कारखानदार पाणी अडवू पाहत होते, खालचे गिरणीवाले तक्रार करत होते. आडोल्फ क्नोप यांनी वर दहा किलो फ्लुओरेसीन हा रंग आणि टनावारी मीठ नदीत सोडले. अडीच दिवसांनी सुमारे बारा किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी हिरवे झाले. वाद पुराव्यावर आला. पाणबुडे त्या झऱ्यात उतरतात, पण ती वाट आजवर कोणी पूर्ण पोहलेली नाही. तरी जोडीबद्दल शंका नाही.

त्र्यंबकची कथा आठवा. ब्रह्मगिरीवर उगवलेली गोदावरी लुप्त होते, गंगाद्वाराला प्रकटते, पुन्हा लुप्त होते, आणि गौतम ऋषी कुशावर्तात दर्भाने तिला अडवतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठेवावा. पण निरीक्षण म्हणून ही कथा चोख आहे: वरच्या लाव्ह्याच्या भेगांत मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि दोन थरांच्या सांध्यातून डोंगराच्या कुशीत झरा होऊन येते. 'हे पाणी तेच आहे' असे म्हणणारी कथा तपासून पाहता येते. भुयाराच्या कथेत माणूस जातो, त्र्यंबकच्या कथेत पाणी जाते. आपल्या खडकात दुसरी अधिक शक्य आहे. रंगाची गरज नसते असेही मार्ग आहेत. पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून ते किती उंचीवरच्या पावसाचे, हे काढता येते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उत्तराखंडात चमोलीतल्या गौचर भागातल्या आटत्या झऱ्यांचे पाणी डोंगरावर कुठे मुरते ते असे शोधले. तिथे बांध घातल्यावर झरे वाढले.

आणि हा प्रश्न सायखेड्यात रोजचा आहे. शेजाऱ्याने बोअर घेतली आणि आमच्या विहिरीची 'शीर' तुटली, यावरून भाऊबंदकी होते, द्राक्षाच्या हंगामात तर हमखास. १९९३ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. कायद्याला जोड मोजता येत नाही, म्हणून त्याने अंतर मोजले. खडकाला अंतर कळत नाही. तीस मीटरवरच्या दोन विहिरी एकमेकींना अनोळखी असू शकतात, आणि दोनशे मीटरवरच्या एकाच भेगेवर बसलेल्या.

म्हणून चित्रपटानंतरचा तास आम्ही विहिरीवर घेण्याचे ठरवले आहे. एका विहिरीवर पंप चालू असताना आजूबाजूच्या तीन-चार विहिरींची पातळी दर अर्ध्या तासाला मोजायची; त्या काळात त्यांच्यावरचे पंप बंद हवेत, म्हणजे मालकांना आधी भेटावे लागेल. रंग कोणत्याही विहिरीत टाकायचा नाही, ते पिण्याचे पाणी आहे. दोरीला वजन बांधायचे, मीटरमीटरवर गाठ मारायची, आणि टोकाकडच्या दोन मीटरला कोरडा खडू चोळायचा. दोरी वर आली की खडू ओला कुठपर्यंत झाला ते दिसते, तेच पाणी. कठडा नसलेली विहीर निवडू नये, आणि मोजायला मुलांबरोबर मोठे माणूस हवेच.